लिहावं की ऐकावं? हदीसच्या मजलिसीपासून आयईएलटीएसपर्यंत

गेली काही वर्षं रविवारी सकाळी मी सोलापुरात आमच्या भागातल्या मुलामुलींकडून आयईएलटीएस परीक्षेच्या ‘लिसनिंग’चा सराव करून घेतो. कुणाला इंग्लंडमध्ये एमएस्सी करायचं असतं, कुणी नर्सिंग पूर्ण करून तिकडच्या रुग्णालयात जाण्याची स्वप्नं बघत असते. बहुतेकांचं वाचन बरं असतं, व्याकरण तर कधीकधी माझ्यापेक्षा पक्कं. ऐकण्याच्या भागात मात्र घसरण होते. आणि दर नव्या तुकडीत एक प्रश्न हमखास येतो : “सर, लेक्चर चालू असताना लिहायचं की नुसतं ऐकायचं?”

या प्रश्नावर आपल्या उलेमांनी हजार वर्षांपूर्वी रीतसर वाद घातलेला आहे, हे सांगितलं की मुलं हसतात. त्यांना वाटतं, आता सर ‘सगळं आपल्याकडे आधीच होतं’ छापाचं भाषण देणार. तसलं भाषण मलाही सहन होत नाही. पण हा वाद खरोखर झाला होता आणि त्यातून निघालेलं उत्तर आजही कामाचं आहे.

आधी परीक्षेचं स्वरूप सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आयईएलटीएसच्या लिसनिंगचे चार भाग, एकूण ४० प्रश्न, सुमारे ३० मिनिटांचं ध्वनिमुद्रण. पहिल्या दोन भागांत रोजच्या व्यवहारातलं बोलणं असतं, तिसऱ्यात विद्यार्थ्यांची किंवा विद्यार्थी-प्राध्यापकांची चर्चा आणि चौथ्यात एका वक्त्याचं विद्यापीठातलं व्याख्यान. पहिल्या तीन भागांत मध्ये थोडी उसंत मिळते, चौथ्यात ती नाही. आणि सगळं एकदाच ऐकवलं जातं. साधारण ३० उत्तरं बरोबर आली तर सात बँड मिळतो. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची तर आयईएलटीएसच्या मार्गाने लिसनिंगमध्ये सातच लागतात. परीक्षेची फी पंधरा हजारांहून जास्त. अर्ध्या गुणाने हुकलं की एखाद्या घराची दोन-तीन महिन्यांची बचत गेली. त्यामुळे ‘लिहू की ऐकू’ हा आमच्याकडे पैशांचाही प्रश्न आहे.

आता जुना वाद. हदीस शिकण्याच्या ज्या रीती मुहद्दिसांनी ठरवल्या, त्यात सर्वांत वरचा दर्जा बहुतेकांनी ‘समाअ’ला दिला. समाअ म्हणजे गुरूच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकणं. (सुफी मैफलीलाही समाअ म्हणतात, तो वेगळा.) पुस्तक हातात असून भागत नसे. ते कुणाकडून ऐकलं, हे सांगता आलं पाहिजे. बगदादमधल्या मोठ्या मजलिसींत इतकी गर्दी होई की शेखचा आवाज मागपर्यंत पोचत नसे. मग ‘मुस्तमली’ नेमत. तो शेखचं वाक्य ऐकून मोठ्याने पुन्हा म्हणे आणि मागचे लोक ते लिहून घेत. इथेच शंका निघाली : मागच्याने शेखकडून ऐकलं म्हणायचं, की मुस्तमलीकडून? त्यावरही पानंच्या पानं लिहिली गेली आहेत.

त्याहून महत्त्वाची शंका अशी की मजलिस चालू असताना एखादा जण खाली मान घालून दुसरंच काही लिहीत बसला असेल, तर त्याचं ऐकणं धरायचं का? इब्राहीम अल-हर्बी, अबू इसहाक इस्फराईनी यांच्यासारख्यांनी नाही म्हटलं. मूसा इब्न हारून यांनी चालेल म्हटलं. दारकुत्नी (९१८-९९५) यांची गोष्ट याच संदर्भात सांगितली जाते. तरुणपणी ते इस्माईल अस्सफ्फार यांच्या मजलिसीत बसले होते. शेख हदीस सांगत होते आणि हे हातातल्या दुसऱ्याच वहीची नक्कल करत होते. शेजारच्याने टोकलं की तू लिहितोयस, तुझं ऐकणं धरलं जाणार नाही. दारकुत्नींनी त्यालाच उलट विचारलं, शेखनी आतापर्यंत किती हदीस सांगितल्या? त्याला सांगता येईना. दारकुत्नी म्हणाले, अठरा. मोजल्या तर अठराच निघाल्या. मग त्यांनी त्या क्रमाने, सनदीसकट म्हणून दाखवल्या.

दमास्कसच्या अश्रफिया दारुल हदीसमध्ये शिकवणारे इब्न अस्सलाह (मृत्यू १२४५) यांनी पुढे हदीसशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात या वादाचा निकाल लावला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : लिहिण्यामुळे समजण्यात अडथळा येऊन कानावर नुसताच आवाज पडत असेल तर ते ऐकणं खरं नाही. लिहितानाही समजत असेल तर हरकत नाही. कसोटी समजण्याची, लेखणीची नाही. मुलांच्या प्रश्नाला मी हेच उत्तर देतो.

एकदाच ऐकण्याची गोष्ट निघाली की इमाम बुखारींची (८१०-८७०) आठवण येते. ते बगदादला आले तेव्हा तिथल्या विद्वानांनी शंभर हदीस घेतल्या, एकीची सनद दुसरीला जोडून उलटापालट केली आणि दहा माणसांना दहा-दहा वाटून दिल्या. एकेकाने उठून त्या ऐकवल्या. बुखारी प्रत्येकीला ‘मला माहीत नाही’ एवढंच म्हणत राहिले. शंभर संपल्यावर पहिल्याकडे वळले : तू पहिली अशी सांगितलीस, ती खरी अशी आहे. अशा शंभरच्या शंभर दुरुस्त केल्या. यातली खरी मेख इब्न हजर अस्कलानींनी (मृत्यू १४४९) पकडली. बुखारींना बरोबर सनदी पाठ होत्या यात नवल ते काय, नवल हे की शंभर चुकीच्या जोड्या एकदा ऐकून त्यांना क्रमाने लक्षात राहिल्या. पाठ केलेलं आठवणं आणि समोर चाललेलं ऐकणं या दोन वेगळ्या शक्ती आहेत, हे इब्न हजर यांना नेमकं दिसलं होतं.

या ऐकण्याची हजेरीही ठेवली जाई. दमास्कसमधल्या अनेक हस्तलिखितांच्या शेवटी समाअच्या नोंदी आहेत. विशेषतः बाराव्या ते चौदाव्या शतकातल्या अशा नोंदी मोठ्या संख्येने टिकल्या. कुणी वाचलं, कोणत्या शेखसमोर, कुठे, कोणत्या तारखेला आणि ऐकणारे कोण, हे सगळं त्यात येतं. बायका येतात, गुलाम येतात, मुलं वयासकट येतात. उशिरा आलेल्याचा कुठला भाग बुडाला, हेही काही ठिकाणी लिहिलेलं असतं. पाच वर्षांखालच्या पोराच्या नावापुढे ‘ऐकलं’ असं न लिहिता फक्त ‘हजर होता’ असं लिहायचा रिवाज पडला. हजर असणं आणि ऐकणं यांत केलेला हा फरक मला फार आवडतो. इअरफोन लावून रात्रभर इंग्रजी व्हिडिओ चालू ठेवणाऱ्यांना मी तो मुद्दाम सांगतो.

आता इंग्रजीकडे येऊ. आपल्याकडे इंग्रजी डोळ्यांनी आली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. तेव्हापासून परीक्षा म्हणजे कागद आणि शाई. मराठी माणसाच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. ती पुस्तकं उत्तमच होती, पण त्यांना आवाज नव्हता. इंग्रज साहेबाचं बोलणं ऐकायला मिळे ते मोजक्या शाळा-कॉलेजांत, कचेऱ्यांत आणि कोर्टात. उच्चार आणि अध्यापन यांच्याकडे नीट लक्ष देणारी हैदराबादची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघायला १९५८ साल उजाडलं. मुस्लिम समाजातली मुलं तर उर्दू किंवा मराठी शाळेतून आलेली. त्यांच्या वाट्याला हा आवाज आणखी उशिरा आला.

परीक्षा घेणाऱ्यांनाही कान उशिराच सापडला. केंब्रिजने १९१३ साली परकीयांसाठी इंग्रजी प्रावीण्याची पहिली परीक्षा घेतली. एकूण बारा तासांची. फ्रेंच किंवा जर्मन भाषांतर, व्याकरण, निबंध, साहित्य आणि ध्वनिशास्त्रसुद्धा. ऐकण्याची तपासणी म्हणजे अर्ध्या तासाची श्रुतलेखन चाचणी आणि थोडं संभाषण. तीन जण बसले, तिघेही नापास झाले. श्रुतलेखनात कान तपासला जातो, पण शब्दाला शब्द लिहिण्यापुरता. समजलं का, हे त्यातून कळेलच असं नाही.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १९४१ साली चार्ल्स फ्रीज यांच्या पुढाकाराने इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट सुरू झाली, प्रामुख्याने लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. तिथे रॉबर्ट लाडो यांनी १९४६ साली केवळ ऐकण्याची स्वतंत्र चाचणी तयार केली. लाडो स्वतः स्पॅनिश घरात वाढलेले, इंग्रजी मोठेपणी शिकलेले. परकी भाषेत कान कुठे अडखळतो, हे त्यांना अनुभवाने माहीत असणार. त्यांचा भर ध्वनींतल्या फरकावर होता : ‘शिप’ की ‘शीप’. ब्रिटनमध्ये अ‍ॅलन डेव्हिस यांनी १९६०च्या दशकात ब्रिटिश कौन्सिलसाठी जी चाचणी बांधली, तिच्यात ध्वनींच्या जोडीला वाक्यातला जोर आणि चढउतारही आले. त्याच सुमारास, १९६१ साली वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेत जॉन कॅरोल यांनी भाषा तुकड्यातुकड्यांनी न तपासता एकत्रित तपासावी, असं मांडलं. १९६४ मध्ये टोफेल सुरू झाली. ब्रिटनची ईएलटीएस १९८० साली आली आणि ऑस्ट्रेलियाला सोबत घेऊन १९८९ साली तिची आयईएलटीएस झाली.

सुटा ध्वनी, मग वाक्य, मग अख्खं व्याख्यान, असा हा प्रवास आहे. त्यात आमच्या वादाचाही एक प्रसंग दडलेला आहे. टोफेलमध्ये कित्येक वर्षं ऐकताना टिपणं घ्यायला मनाई होती. २००५ साली इंटरनेटवरची नवी टोफेल आली तेव्हा ती मुभा मिळाली. विद्यापीठात विद्यार्थी टिपणं घेतच ऐकतो, मग परीक्षेत बंदी कशाला, हा विचार शेवटी पटला. इब्न अस्सलाह यांच्यानंतर साडेसातशे वर्षांनी लेखणीला पुन्हा परवानगी मिळाली म्हणायची.

तरीही हदीसच्या मजलिसीतलं ऐकणं आणि व्याख्यानाचं ऐकणं एकच नव्हे. मुहद्दिसाला शब्द जसाच्या तसा हवा, कारण त्याला तो पुढे पोचवायचा आहे. विद्यापीठातल्या श्रोत्याला युक्तिवादाचा धागा हवा. आमच्या मुलांची अडचण नेमकी इथे आहे. मकतबमध्ये पाठांतर, शाळेत पाठांतर, गाइडमधून पाठांतर. कानावर पडलेला प्रत्येक शब्द धरून ठेवायची सवय लागलेली. एक अनोळखी शब्द आला की मन त्याच्यापाशी थांबतं, तोवर वक्ता चार वाक्यं पुढे गेलेला असतो. पाठांतराला मी नावं ठेवत नाही. हाफिज मुलांची एकाग्रता मी जवळून पाहिली आहे, ते अर्धा तास हलत नाहीत. पण त्या एकाग्रतेला सुटलेला शब्द सोडून द्यायला शिकवावं लागतं आणि त्याला वेळ लागतो.

दुसरी अडचण आवाजाची. मराठीत आणि आमच्या दखनीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा मिळतो. इंग्रजीत जोर एकावर आणि बाकीची गिळलेली. ‘फॉर’, ‘ऑफ’, ‘अँड’ वाचताना ठळक दिसतात, बोलताना विरघळून जातात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो आणि ओळखीचा शब्द अनोळखी होतो. ‘थर्टीन’ की ‘थर्टी’ यावर तर कितीतरी गुण गेले आहेत. त्यातच वक्ता मध्येच स्वतःला दुरुस्त करतो : मंगळवारी, नाही, गुरुवारी. मंगळवार लिहून मोकळी झालेली मुलं गुरुवार ऐकतच नाहीत.

म्हणून आमचा सराव असा चालतो. व्याख्यान पहिल्यांदा वह्या बंद ठेवून ऐकायचं. संपल्यावर एकाने उभं राहून वक्ता काय म्हणाला ते दखनीत किंवा मराठीत सांगायचं. इंग्रजीत सांगायला मनाई, कारण मग ऐकलेले चार शब्दच परत फेकले जातात. बाकीच्यांनी राहिलेलं भरायचं. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त वळणं टिपायची : ‘हाउएव्हर’ कुठे आलं, ‘लेट्स मूव्ह ऑन’ कुठे, उदाहरण कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं. तिसऱ्यांदा लिखित मजकूर समोर ठेवून ऐकायचं आणि गिळलेल्या शब्दांखाली रेघ मारायची. परीक्षेतल्यासारखं एकदाच ऐकून चाळीस प्रश्न सोडवणं महिनाभरानंतर सुरू होतं. त्याआधी घाई करणाऱ्यांचे गुण दर आठवड्याला तेवढेच राहतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

हजेरीची वही आम्हीही ठेवतो. दोन रकाने आहेत : ‘ऐकलं’ आणि ‘हजर’. रमजानमध्ये सेहरीनंतर न झोपता आलेली एक-दोन पोरं भिंतीला टेकून डुलक्या घेतात. त्यांची नावं दुसऱ्या रकान्यात जातात आणि तीच मुलं पुढच्या रविवारी पहिल्या रांगेत येऊन बसतात.