वाड्याचे सागवान

जुने लाकडी सामान विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि नफ्याने विकायचे, या धंद्याची बीड जिल्ह्यात मोठी परंपरा नाही. दुरुस्तीची मात्र आहे. बलुतेदारीत सुतार पहिल्या ओळीचा मानकरी होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गाव-गाडा’त (१९१५) वर्णिलेल्या या व्यवस्थेत तो तिफण, कुळव, गाडी वर्षभर नीट ठेवी आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा नेई. एका कामाची वेगळी मजुरी नसल्याने जुन्याचे नवे करण्यात तोटा कोणालाच दिसत नसे. शेतकऱ्याच्या घरात फर्निचर म्हणावे असे तरी काय होते? बाज, पेटी, फार तर भिंतीतले फडताळ.

चांगले लाकूडही दुर्मीळच होते. बालाघाटाच्या या पर्जन्यछायेतील मुलखात जंगल तुरळक. हाताशी असत बाभूळ आणि लिंब. बाभळीचे ओंडके पाण्यात मुरवून चाके आणि औजारे घडत. सागवान बाहेरून आणावे लागे, तेही बहुतांशी बैलगाडीने, कारण रेल्वे १९३० च्या सुमारास विकाराबादहून परळीपर्यंत पोचली, तरी बीड शहराला गाडी मिळायला २०२५ साल उजाडले. त्यामुळे सागवानी खांब, तुळया, कोरीव चौकटी देशमुख, पाटील, सावकारांच्या वाड्यांतच साठल्या.

हा साठा पुढे टप्प्याटप्प्याने मोकळा झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, पाठोपाठ कूळकायदा आला. वाड्याची डागडुजी परवडेना. भावांच्या वाटण्यांत तर कोणाच्या वाट्याला जागा आणि कोणाच्या वाट्याला लाकूड येऊ लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची जड माळवदे माणसांवर कोसळली. हानी मुख्यतः लातूर-उस्मानाबादेत झाली, पण माळवदाची धास्ती शेजारच्या अंबाजोगाईकडेही पसरली आणि स्लॅबच्या घरांची ओढ वाढली. त्यातच १९९६ मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर कडक बंधने घातली. नवे सागवान महागले, तसा उतरवलेल्या वाड्याला भाव आला.

अशा व्यवहारात खरी कमाई वाडा उभा असतानाच ठरते. भिंतीत रुतलेले तुळईचे टोक बहुधा कुजलेले असते. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही, पण बाहेरचा पांढरा भाग ती पोखरते. आत राहिलेला एक खिळा करवतीचे पाते मोडतो. हे सारे ओळखून घनफुटाचा दर बोलणारा नफ्यात राहतो. पॉलिशने लाकूड खुलते, चुकलेली खरेदी सुधारत नाही. नवख्याचा हिशेब बहुतेक वेळा मजुरीतही फसतो, कारण सुतार आता रोजाने येतो आणि त्याचे चार दिवस खुर्चीच्या किमतीला गाठतात. ज्याच्या हाताला रंधा आणि पटाशी माहीत आहे, त्याला साधे सागवानी टेबल किंवा कपाट घेऊन सुरुवात करण्यात अर्थ आहे. पाण्याने फुगलेल्या पार्टिकल बोर्डाच्या कपाटात मात्र कोणाचेच कसब चालत नाही.

गिऱ्हाईक हा दुसरा अडसर. जिल्ह्यात फर्निचरची मोठी खरेदी लग्नसराईत होते आणि मुलीच्या आंदणात कपाट, पलंग कोरेच लागतात. जुन्याचे मोल देणारा बहुधा पुण्या-मुंबईकडचा असतो: हॉटेल, फार्महाऊस किंवा मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीटचा दुकानदार. मग वाहतूक आणि मधल्या दलालांचा वाटा नफ्यातून जातो. तामिळनाडूतील चेट्टिनाडच्या हवेल्यांचे ब्रह्मी सागवान कारैकुडीतच विकले जाते, कारण तिथे पर्यटक आणि जुन्या वस्तूंची दुकाने एकाच गावात आहेत. बीडला तशी पेठ उभी राहिली नाही.

कोरीव कामात कायदाही आडवा येतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने कोरीव काम किंवा इमारतीतून काढलेला भाग पुरावस्तू ठरू शकतो. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.