धोटा आणि वेल्डिंगचा रॉड

अस्पृश्यतेचा इतिहास आपण पाणवठ्याच्या आणि देवळाच्या अंगाने पुष्कळ लिहिला. कारखान्याच्या अंगाने तो फारच थोडा लिहिला गेला. सोलापूर तर गिरणीचे गाव. १८७७ साली, ऐन दुष्काळात, येथे जुनी गिरणी सुरू झाली.

यंत्राने जात मोडली, असे म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या गिरणीतला धोटा पाहावा. धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. तेवढ्यावरून अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात मज्जाव होता, आणि जास्त पगार त्याच खात्यात! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांना तो मागण्यांत घालणेही जड गेले. सोलापुरात मागाचे कसब पद्मशाली घरांत बापाकडून लेकाकडे जाई. त्यात वैर असेलच असे नाही. पण ज्याच्या घरात माग नाही, त्याने ते शिकावे कुठे?

बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात वसतिगृह काढले. पोरे अक्षर शिकू लागली. हाताच्या कसबाची शाळा अजून दूर होती.

ती जवळ आली बाबासाहेब मजूरमंत्री झाल्यावर. २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात त्यांनी व्हाइसरॉयकडे विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना उमेदवारी. वकिली-मास्तरकीइतकेच त्यांचे लक्ष पान्याकडे होते, हे आपण विसरतो. जुलै १९४५ मध्ये त्यांच्याच खात्यात पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय निघाले. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून गावोगावचे आय.टी.आय. उभे राहिले. सोलापूरचे विजापूर रोडवर आहे.

वेल्डर हा तिथला एका वर्षाचा ट्रेड. फिटरला दोन वर्षे लागतात. गरिबाच्या घराला एक वर्ष कमी म्हणजे काय, हे सांगायला नको. लोखंड तापवून ठोकून सांधणे ही लोहाराची विद्या. ती त्याच्या भात्यापाशीच मिळे. विजेच्या ठिणगीने सांधण्याला मात्र कुळ नव्हते. रॉड किती अंतरावर धरायचा, हात किती संथ न्यायचा, वरची खपली झाडून खालचा सांधा कसा पाहायचा, हे ज्याने मन लावून केले त्याला आले. काच न लावता पाहिले तर रात्रभर डोळ्यांत वाळू खुपते. ती सगळ्यांच्याच डोळ्यांत.

पण सर्टिफिकेट घेतलेल्या पोराला कारखान्यात उभे कोण करणार? उमेदवारीचा कायदा १९६१ साली झाला. अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखण्याचे कलम त्यात नव्हते. ते १९७३ च्या दुरुस्तीने घातले गेले. मधल्या बारा वर्षांत जी पोरे हातात सर्टिफिकेट घेऊन फाटकाबाहेर उभी राहिली, त्यांची नोंद कोणत्या दप्तरात आहे?