शिरढोणचा कारकून आणि त्याची वही

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण येतं. वासुदेव बळवंत फडके ४ नोव्हेंबर १८४५ रोजी इथे जन्मले. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते आणि १८१८ साली तो गड इंग्रजांकडे गेला. नातवाचं जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं ते दाढीधारी, तलवार घेतलेल्या बंडखोराचं. २००७ साली गजेंद्र अहिरे यांनी काढलेल्या चित्रपटातही आकर्षण त्याचंच होतं. मला मात्र त्याआधीचा माणूस अधिक विलक्षण वाटतो. सुमारे १५ वर्षं इंग्रजी लष्कराच्या हिशेब खात्यात पुण्याला खर्डेघाशी करणारा. दिवसा ज्या फौजेचे आकडे जुळवायचे, तिच्याशीच लढण्यासाठी लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत हात साफ करायचे, असा हा दुहेरी संसार होता. त्यात त्यांना ओढलं भावनेने, आणि त्यांना पकडून देण्यातही भावनेचाच वाटा मोठा होता.

या दुहेरी आयुष्याला हेरगिरी म्हणणं ओढूनताणून होईल, असा आक्षेप कुणी घेईल. तो बराचसा खरा आहे. फडक्यांनी दप्तरातली गुपितं पळवली असं कुणी म्हणत नाही, आणि थाळी वाजवून लोक जमवून व्याख्यान देणारा माणूस लपून राहणारा नव्हेच. पण रामोशी जमवणं, हत्यारं आणि पैसा उभा करणं, हे सगळं उघड्यावर झालं नाही. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा पडेपर्यंत कालचा कारकून आज काय करतो आहे याची सरकारला नीट कल्पना नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आई अत्यवस्थ असताना रजा मिळाली नाही, ते शिरढोणला पोचले तेव्हा ती गेलेली होती, पुढे वर्षश्राद्धालाही रजा नाकारली गेली. ही कथा नाटकवाल्यांच्या फार सोयीची आहे, खरं कारण १८७६ ते ७८चा दुष्काळ, असं म्हणता येतं. दुष्काळ नसता तर बंड झालं नसतं, हे मलाही मान्य आहे. मात्र तो दुष्काळ हजारो कारकुनांनी पाहिला आणि ते पगार घेऊन घरी गेले. उपाशी माणसांचं दुःख या एकाला आपलं का वाटलं, याचं उत्तर शोधताना त्या नाकारलेल्या रजेला वगळून चालत नाही. साहेबाच्या टेबलावरचा कागद आणि गावातली भूक या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकच झाल्या असाव्यात.

मे १८७९ मध्ये त्यांच्या टोळीने पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखलीवर धाड घातली. आज पळस्पे फाट्यावर गाडीच्या वळणाकडे लक्ष असतं, हे कुणाला आठवत नाही. लूट मोठी मिळाली, पण घाटावर परतताना इंग्रजांच्या मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांचा साथीदार दौलतराव नाईक याला मारलं आणि बंडाचा कणाच मोडला. फडके श्रीशैलमला गेले. तिथे त्यांनी जे केलं ते कुठल्याही मुरलेल्या हेराने केलं नसतं, ते आत्मचरित्र लिहायला बसले. काय केलं, का केलं, कुणाच्या जोरावर केलं, सगळं कागदावर आलं. ज्याला वर्षानुवर्षं मनातलं दडवावं लागतं त्याला ते कधीतरी ओकावंच लागतं, असा मी याचा अर्थ लावतो. निष्काळजीपणा म्हणून ते सोडून देणं मला पटत नाही.

पुढे रोहिल्यांची फौज उभारायचा प्रयत्न झाला, तोवर त्यांना पकडून देण्यासाठी बक्षीस जाहीर झालेलं होतं. निजामाच्या पोलिसांतल्या अब्दुल हकची मदत घेऊन डॅनियलने जुलै १८७९ मध्ये देवर नावडगी इथे त्यांना गाठलं, तेव्हा ते थकून झोपलेले होते. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी त्यांच्या बाजूने उभे राहिले, पण आरोपीच्याच हस्ताक्षरातल्या आत्मचरित्राच्या वहीपुढे वकील किती झगडणार? जन्मठेप झाली, रवानगी एडनला. तिथून दार बिजागरीतून काढून ते एकदा निसटले, पुन्हा धरले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी वारले. सरकार पक्षाने पुरावा म्हणून वापरलेल्या त्या वहीचा इंग्रजी अनुवाद मुंबई सरकारने १९५७ साली स्वातंत्र्य चळवळीच्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडात छापला.