लग्नाची सीडी आणि उतरलेला सूर

शिरूर-दौंड भागात लग्नाआधी घाणा भरतात. जात्यात हळकुंडे पडतात, सुवासिनी खुंट्याला हात लावतात आणि ओव्या सुरू होतात. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात शिरूर तालुक्यातल्या सविंदणे गावच्या बायकांचाही वाटा आहे. त्या संग्रहात गायिकेचे नाव, गाव यांची काळजीपूर्वक नोंद आहे. परंतु या परिसरातल्या कितीतरी ओव्या एका वेगळ्याच ठिकाणी जाऊन पडल्या आणि त्या जागेला संग्रह म्हणावे असे कुणालाही वाटले नाही. ती जागा म्हणजे कपाटातली लग्नाची सीडी.

आमच्या नात्यातल्या, भीमेकाठच्या एका घरातली अशी सीडी मध्यंतरी पाहण्यात आली. लग्न २००४ सालचे. घरातली थोरली आत्या विधवा. जात्याला हात लावण्याचा मान तिला नव्हता, पण ओव्या साऱ्या तिलाच पाठ. ती भिंतीशी बसून सांगे, बाकीच्या ओढत. पडद्यावर आत्या दिसते, पण तिचा आवाज जड, पुरुषी आणि संथ येतो. थोड्या वेळाने तर तिचे ओठ मिटलेले दिसतात आणि ओवी मात्र चालूच राहते. ‘म्हातारीचा आवाज तेव्हाच बसला होता,’ असा घरच्यांनी समज करून घेतला होता. वास्तविक आवाज बसला नव्हता. तो चुकीच्या मापाने मोजला गेला होता.

संगणकाच्या लेखी ध्वनी म्हणजे दर सेकंदाला घेतलेले हजारो नमुने. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत ते सेकंदाला ४४,१०० असतात. या विचित्र आकड्याचा उगम संगीतात नसून व्हिडिओ टेपमध्ये आहे. अंकीय ध्वनी साठवायला त्या काळी व्हिडिओ टेपच सोयीची होती. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० क्षेत्रे, प्रत्येकातल्या वापरात येणाऱ्या २९४ रेषा आणि दर रेषेत ३ नमुने, यांचा गुणाकार ४४,१०० भरतो. १९९३ साली व्हीसीडीचे प्रमाण ठरले तेव्हा तिने आपल्या थोरल्या बहिणीचे हेच माप घेतले. व्यावसायिक चित्रीकरणात मात्र ४८,००० हे माप रूढ झाले होते. चित्रपटाच्या २४ चौकटींनी त्याला नि:शेष भाग जातो, ४४,१००ला जात नाही. पुढे डीव्हीडीनेही तेच उचलले. चित्राच्या टेपेतून जन्मलेला आकडा चित्राच्याच तबकडीला परका ठरावा, ही गंमतच.

लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्यांच्या हाती त्या सुमारास मिनी डीव्ही कॅमेरे आले होते. त्यांत ध्वनीची दोन मापे असत, ४८,००० आणि ३२,०००. घरोघरी यंत्र होते ते मात्र स्वस्तातले व्हीसीडी प्लेअर. तेव्हा मधल्या संगणकावर एका मापाचे दुसऱ्यात रीतसर रूपांतर करावे लागे, आणि त्याला वेळ लागे. लग्नसराईत रात्र रात्र जागणाऱ्या माणसाने रूपांतर न करता नुसती चिठ्ठी बदलली, म्हणजे ४८,००० नमुन्यांच्या फायलीवर ४४,१०० असे लिहिले, तर यंत्र तक्रार करत नाही. ते निमूटपणे एका सेकंदाचा ऐवज सुमारे १.०९ सेकंद वाजवते. सूर जवळजवळ दीड अर्धस्वर उतरतो. चित्र मात्र आपल्या चालीने पुढे जाते, म्हणून मिनिटाला पाच सेकंदांनी आवाज मागे पडतो.

डीव्हीडी आली तेव्हा तऱ्हा बदलल्या. एमपीथ्री संगणकावर सर्वत्र चाले, पण डीव्हीडी-व्हिडिओच्या प्रमाणात तिला स्थान नव्हते. तिथे पीसीएम, डॉल्बीचा एसी-३ किंवा एमपीईजीचा दुसरा थर हवा. परिणामी संगणकावर बोलणारी चित्रे दूरदर्शनसंचावर मुकी होत. जुन्या व्हीएचएस टेपांचे दुखणे आणखी निराळे. चित्र एका कार्डातून आणि आवाज दुसऱ्यातून घेतला, तर दोहोंची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत आणि तासाभरात ओठ व शब्द यांची फारकत होते. तिथे प्रमाण ठाऊक नसल्याने दुरुस्ती अंदाजानेच करावी लागते.

आत्याच्या सीडीत प्रमाण ठाऊक होते, १६० ला १४७. नमुने तेच, फक्त वाजवण्याचा वेग चुकलेला. तो सुधारताच आवाज वर आला आणि ओठांशी जुळला. तिच्या भाचीने ऐकल्यावर आधी ओवीकडे लक्षच दिले नाही. ‘मधला खोकला तिचाच,’ एवढेच ती म्हणाली.

पण वेग सुधारल्यावर दुसरी गोष्ट उघडी पडली. चित्र तासाभराचे असेल, तर ते संपेपर्यंत आवाजाची जेमतेम पंचावन्न मिनिटे वाजून होतात. उरलेला आवाज तबकडीवर आलाच नाही. मूळ टेप त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पुढच्या लग्नासाठी पुन्हा वापरली गेली होती. त्यामुळे पहिल्या सीडीच्या शेवटी आत्या हात जोडून काहीतरी म्हणते, बायका हसतात, एकजण पदर डोळ्यांना लावते, आणि हे सगळे नि:शब्द आहे. आत्या २००९ साली गेली. ती तिथे काय म्हणाली, हे त्या बायकांपैकी दोघींना विचारले. दोघींनी दोन वेगळ्या ओव्या सांगितल्या.