गाठीचा ताप की प्लेग?

आमच्या टेंभी नाक्यावर कुणाला ताप आला की रिपोर्ट येईपर्यंत घरचे लोक डॉक्टरांवर रुसून असतात. "नक्की काय ते सांगतच नाहीत," ही तक्रार. अशा वेळी मला डॉ. अकासियो व्हिएगस आठवतात.

व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मुंबईत मांडवी भागात दवाखाना. १८९६ च्या सप्टेंबरात त्यांच्याकडे रोगी येऊ लागले. सणकून ताप, जांघेत गाठ आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. आता जांघेतली गाठ काही नवलाची नव्हे. पायाची जखम चिघळली तरी येते, हत्तीरोगात येते, गुप्तरोगातही येते. प्लेग बहुतेकांना ठाऊक तो पुस्तकातून. येर्सिनने हाँगकाँगला त्याचा जंतू शोधून जेमतेम दोन वर्षे झालेली.

शिवाय तो शब्द उच्चारणे महागाचे होते. प्लेग म्हटले की परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडवणार, व्यापार बसणार. निदान चुकले तर शहर आयुष्यभर बोल लावणार, गप्प बसावे तर माणसे मरणार. व्हिएगस नगरसेवकही होते. २३ सप्टेंबरला त्यांनी स्थायी समितीत सरळ सांगितले, हा गाठीचा प्लेग आहे. अधिकाऱ्यांना मात्र 'संशयास्पद ताप' म्हणणेच सोयीचे वाटत होते. (सरकारी भाषा तेव्हाही तीच, म्हणायचे!) पुढे कलकत्त्याहून आलेल्या हाफकिनने जंतू तपासून दुजोरा दिला.

गंमत म्हणजे रोगाचे नाव कळले, पण तो पसरतो कसा हे कळले नव्हते. म्हणून गटारे धुतली, घरे धुतली. उंदरांच्या पिसवांचा दुवा सिमाँने कराचीत दाखवला तो १८९८ साली, आणि तोही वैद्यकातल्या लोकांना पटायला बरीच वर्षे लागली. तोवर जवळजवळ निम्मी मुंबई गाव सोडून पळाली होती.

१९९४ ला बीडच्या मामला गावात आणि मग सुरतेत पुन्हा तेच. प्लेग आहे की दुसरेच काही, यावर तज्ज्ञ हमरीतुमरीवर आले. डॉक्टरांनी वाद मिटायची वाट पाहिली नाही, आधी टेट्रासायक्लिन सुरू केले. नाक्यावरच्या दुकानांतून त्या गोळ्या संपल्याचे मला चांगले आठवते. तो प्लेगच होता हे जंतूंच्या डीएनएवरून पक्के झाले, पण काही वर्षांनी.

व्हिएगसांचा पुतळा धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर आहे. मुंबईला गेलात तर पाहून या.