पाते परक्याचे, मूठ आपली

२०२५ साली लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून एक तलवार मायदेशी आणली. सरळ, एकधारी पाते, त्याला मुल्हेरी घाटाची, सोन्याची नक्षी भरलेली मूठ आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत कोरलेले सेनासाहेबसुभा रघोजी भोसल्यांचे नाव. नागपूरकर भोसल्यांचा वारसा घरी आला, याचा आनंद रास्तच होता. पण त्या आनंदात एक गोष्ट जरा घाईने ओलांडली गेली. पाते युरोपात घडलेले आहे, घडवणाऱ्याची खूणही त्यावर आहे, आणि मालकाने हे लपवलेले तर नाहीच, उलट स्वतःच्या नावापुढे ‘फिरंग’ असे कोरून घेतले आहे. याच रघोजींचे कारभारी भास्करपंत १७४१ साली छत्तीसगडात उतरले, रतनपूरच्या हैहयवंशी राजाने त्यांच्यापुढे हात टेकले, आणि मराठी फौजेने दुर्गच्या उंचवट्यावर खंदकबंद तळ ठोकून तिथून मुलूख ताब्यात घेतला. आज त्या दुर्गला भिलाई इतकी चिकटली आहे की दोन्ही मिळून एकच जोडशहर झाले आहे. पोलादासाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या या भूमीवर मराठ्यांची जी तलवार चालून आली, तिच्यासारख्या कित्येकींचे पोलाद मात्र समुद्रापलीकडचे होते.

हे सारे आठवण्याचे कारण आजचे आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत एकट्यादुकट्या कारागिरांनी घडवलेल्या कल्पनेतल्या तलवारींचा एक वेगळाच व्यवसाय जगभर उभा राहिला. मुठीवर अग्निमुखी सर्प, पात्याला करवतीसारखे दाते, कुठे माणसाच्या उंचीचे आणि फळीएवढे रुंद पाते. १९८२ चा ‘कोनन’ चित्रपट, १९९७ चा ‘फायनल फॅन्टसी ७’ हा जपानी व्हिडिओ गेम, २००१ पासूनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रत्रयी आणि आपल्याकडे २०१५ चा ‘बाहुबली’ यांनी त्या मागणीला खतपाणी घातले. देहरादूनच्या ‘विंडलास’ या कारखान्याची सुरुवात १९४३ साली गुरखा पलटणींच्या खुकरींपासून झाली. पुढे तिथूनच जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृती आणि सिनेमातल्या तलवारी परदेशी रवाना होऊ लागल्या. जुन्या शस्त्रांचे जाणकार या मालाकडे पाहून नाक मुरडतात: ही शस्त्रे नव्हेत, खेळणी आहेत. माझे म्हणणे वेगळे आहे. तयार पोलाद कुठून तरी मिळवायचे आणि त्याला आकार, मूठ, नाव व कथा द्यायची, हा आपल्याकडच्या तलवारीच्या धंद्याचा जुना आणि मोठा भाग होता. कल्पनेची तलवार घडवणारा कारागीर या परंपरेला लागलेली कीड नाही. तो तिचा दूरचा, थोडा वाह्यात, पण खरा वारस आहे.

पुरावा तलवारीच्या बांधणीतच आहे. भारतीय तलवारीचे पाते आणि मूठ या दोन स्वतंत्र वस्तू. पात्याचे शेपूट मुठीच्या पोकळीत घालायचे आणि लाखेसारख्या चिकट मिश्रणाने पक्के करायचे; मूठ तापवली की लाख वितळते आणि पाते सुटते. म्हणून एकच पाते पिढ्यान्‌पिढ्या मुठी बदलत फिरू शकत असे. पोर्तुगीज आणि इतर व्यापारी पश्चिम किनाऱ्यावर युरोपी पाती उतरवत, आणि ती इथे येऊन मराठी होत. लांब फिरंगी पाते खांड्याच्या मुठीत बसवताना दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्यांचा आधार देऊन खिळे ठोकावे लागत. हे इथल्या कारागिराचे स्वतःचे उत्तर होते, पात्याबरोबर आलेले नव्हे. बागलाणातले मुल्हेर मुठींसाठी इतके नावाजले की घाटालाच गावाचे नाव पडले. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाकडे गेलेल्या आणि आज तिथल्या राजसंग्रहात असलेल्या तलवारीचे पातेही युरोपीच आहे. त्या तलवारीवर आपण जीव टाकतो, तो पात्याच्या जन्मगावामुळे नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: भारतीय पोलाद तर जगात एक नंबर होते, मग परक्या पात्यांचे कौतुक कशाला? आक्षेपातले तथ्य मोठे आहे. तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत मुशीत तयार होणारे पोलाद इराणपर्यंत जात होते, आणि दमास्कसच्या नावाने गाजलेल्या पात्यांमागे अशाच भारतीय पोलादाच्या वड्या होत्या. पण हाच दाखला नीट पाहिला तर तो माझ्या बाजूने झुकतो. पोलाद एकीकडे, पाते दुसरीकडे, मूठ आणि नाव तिसरीकडे, असा हा व्यापार दोन्ही दिशांनी चालत होता. इराणी लोहार तेलंगणातली वडी घेऊन स्वतःची तलवार घडवत असे, मराठी कारागीर युरोपातले पाते घेऊन स्वतःची. कच्च्या मालाचा देश आणि शस्त्राचा देश एकच हवा, ही अट एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या राष्ट्राभिमानाने घातली. तलवार वापरणाऱ्यांनी ती कधी घातलेली दिसत नाही.

छत्तीसगड मात्र या युक्तिवादाला थोडा अडवतो, आणि त्याने अडवावेच. मैकलच्या डोंगरांत आणि आसपास राहणारे अगरिया खनिज स्वतः खणत, कोळसा स्वतः पाडत, मातीच्या भट्टीला पायांनी भाते चालवून लोखंड काढत आणि ते स्वतःच घडवत. मानववंशशास्त्रज्ञ वेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. लोहासुर, कोयलासुर, अग्यासुर हे त्यांचे देव. भट्टी ही नुसती भट्टी नव्हती, तिला कथा होती. इथे तर माल, घडण आणि कल्पना एकाच हातात आली! पण त्या हातातून बाहेर काय पडे? नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा, बाणाचे टोक. अगरियांचे लोखंड मऊ आणि चिवट, शेतीच्या अवजाराला उत्तम. लांब पात्याला लवचिक आणि कठीण पोलाद लागते, ते या भट्टीचे काम नव्हते. पुढे भट्ट्यांवरचा कर, जंगलबंदी आणि विलायती लोखंड यांनी त्या भट्ट्या विझवल्या. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८० च्या दशकात दुर्गच्या टापूतले खनिज नोंदवले, टाटांची माणसे विसाव्या शतकाच्या आरंभी दल्लीच्या टेकडीवर जाऊन आली, कोळसा लांब म्हणून परतली आणि टाटांचा कारखाना शेवटी साकचीला उभा राहिला. दल्ली-राजहराचे लोखंड अर्धे शतक तसेच पडून राहिले. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. भिलाई रेल्वेचे रूळ करते, जाड पत्रे करते. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या पोलादातही तिचा वाटा आहे. तलवार ती करत नाही, करण्याचे कारणही नाही. पण कारखान्यांचे पोलाद इतके विपुल झाले की मोडीतला ट्रकच्या कमानीचा पाटा कोणत्याही लोहाराला किलोच्या भावाने मिळू लागला. हा पाटा म्हणजे आजचे फिरंगी पाते: दुसऱ्याने, दुसऱ्याच कामासाठी केलेले, उत्तम, तयार पोलाद. देशी लोहाराचा कोयता त्यातूनच निघतो आणि हौशी कारागिराची चमत्कारिक तलवारही.

खरा आक्षेप याच्या पुढचा आहे. जुनी तलवार लढली. ही भिंतीवर टांगायची. रघोजींचे पाते आणि सर्पमुखी मुठीचे धूड एका तराजूत कसे घालणार? त्याचे उत्तर जेजुरीच्या गडावर मिळते. पेशवाईत सरदार पानश्यांनी खंडोबाला अर्पण केलेला खंडा तिथे आहे, वजन सुमारे ४२ किलो. लढाईतली तलवार किलो-सव्वा किलोची असते. म्हणजे हा खंडा तीस-चाळीस तलवारींच्या वजनाचा. तो कोणत्याही लढाईसाठी केलेला असू शकत नाही. मणभर पोलाद हातात धरेल असा एकच योद्धा होता, मणि-मल्लांना मारणारा देव, आणि त्याच्या मापाने तो घडवला गेला. दसऱ्याला जेजुरीकर तो एका हाताने तोलून धरण्याची, दातांनी उचलण्याची स्पर्धा करतात. जपानी खेळातल्या नायकाची फळीएवढी तलवार पाहून जो हसतो, त्याने या खंड्यापुढेही हसून दाखवावे. आणि विशेष असे की पानसे काही शस्त्रांना अनोळखी भाविक नव्हते. पेशव्यांचा तोफखाना त्या घराण्याकडे होता. ज्यांना खऱ्या शस्त्राचे माप पाठ होते, त्यांनीच मुद्दाम माप ओलांडले. देवाच्या मापाचे शस्त्र ही श्रद्धा आणि सिनेमाच्या मापाचे शस्त्र हा बाजार, असा फरक कोणी दाखवील, तर तो मला मान्य आहे. पण तो विकत घेणाऱ्याच्या मनातला फरक झाला. वजन, तोल आणि टिकाऊपणा यांचे जे कोडे लोहारापुढे असते, ते दोन्हीकडे सारखेच.

एक कबुली मात्र द्यायला हवी. मराठ्यांची शस्त्रे बहुतेक साधी असत. नक्षी आणि लेख असलेली रघोजींची तलवार अपवाद म्हणूनच मोलाची ठरते. शिलेदार घोडा आणि हत्यार पदरचे आणी, बारगिराला ते सरकारातून मिळे. दोघांनाही कोरीव मुठीपेक्षा टिकणारे पाते महत्त्वाचे. त्यामुळे तलवार म्हणजे आधी कल्पना आणि मग पोलाद, हे विधान मी सरदारांच्या, देवांच्या आणि मानाच्या तलवारींपुरतेच करतो. सामान्य शिपायाच्या तलवारीला वारस असेल, तर तो कोयता.

उरतो कायदा, आणि इथे हौशी कारागिराची बाजू सर्वांत लंगडी आहे. १८७८ च्या इंग्रजी शस्त्र कायद्याने हत्यार हा परवान्याचा विषय केला. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा, भिलाईच्या भट्टीच्याच सालचा. त्याखालच्या नियमांनी तलवारी आणि खंजीर नावानिशी यादीत घातले, आणि त्यांच्याबरोबर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची इतर हत्यारेही. घरकामाची, शेतीची, उद्योगाची अवजारे तेवढी वगळली. म्हणून त्याच पाट्यातून निघालेला हातभर कोयता बाजारात उघड विकला जातो आणि तलवार मात्र चौकशीला पात्र ठरते. खेळण्यालाही कायद्याने सूट दिली आहे, पण एका अटीवर: त्याचे कामाच्या शस्त्रात रूपांतर होता कामा नये. कमानीच्या पाट्याची बोथट तलवार ही अट पाळू शकत नाही, कारण पोलाद खरे आहे आणि सहाणेवर तासभर बसले की धार येते. धार न लावता विकले म्हणजे आपण सुटलो, असे मानणारा विक्रेता स्वतःची समजूत घालतो. ज्याला या धंद्यात राहायचे आहे त्याने परवाना घ्यावा, नाहीतर धार धरूच शकणार नाही असा धातू निवडावा. ॲल्युमिनियमची तलवार रंगमंचावर तितकीच शोभते. खऱ्या पोलादाचा हट्ट धरणाऱ्या कारागिराला हा सल्ला रुचणार नाही, आणि त्याचे न रुचणे मला समजते.