न्हावऱ्याची वाट आणि चाकाचा तोल

शिरूर-चौफुला रस्त्यावरच्या न्हावऱ्यात घोडगंगा साखर कारखाना आहे. उसाच्या बैलगाड्यांना आता हवेचे टायर असतात. पूर्वी लाकडी तुंबा, आरे आणि त्यांवर लोखंडी धाव. लोहार ती लाल तापवून चढवी. पाणी पडलं की धाव आवळे नि चाक घट्ट होई. भक्कम काम, पण रस्ते उखडणारं!

जॉन डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट १८८८ मध्ये घेतलं. बैलगाडीपर्यंत टायर पोचला तो पुष्कळदा ट्रकमधून उतरलेला, गोटा झालेला. त्याचा तोल कोण बघणार? बैल ताशी तीन-चार किलोमीटर चालतो आणि असमतोलाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दहापट, तर जोर शंभरपट.

ती चिंता ट्रकवाल्यांची. रिमला शिशाची वजनं ठोकतात. दगडाचिखलात ती निखळतात. म्हणून काही जण टायरच्या आत सुटे मणी किंवा द्रव घालतात. ठरावीक वेगापुढे हा सुटा माल आपणहून हलक्या बाजूला सरकतो. वॉशिंग मशिनच्या ड्रमवरच्या कड्यातलं मिठाचं पाणी हेच करतं. वेग कमी असला, की तोच माल जड बाजूला जाऊन हेलकावे वाढवतो.

ऊसपट्ट्यातल्या ट्रॅक्टरांच्या मागच्या टायरांतही पाणी भरतात, सुमारे तीन चतुर्थांश. मात्र ते तोलासाठी नव्हे. नांगरटीत चाक जागीच फिरू नये, म्हणून हवं असतं निव्वळ वजन.